कुष्ठमुक्त प्रौढांचे पुनर्वसन : वेलूर, वर्धा आणि वरोरा

इसवी सन १९५१ च्या सुमारास, कुष्ठरोगाने अपंग झालेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांच्या प्रश्नाशी संबंध असलेले तीन उपक्रम भारतात आकारास आले. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाच्या आवारात डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी 'नवजीव निलयम' नावाची एक लहानशी वस्ती उभारली. वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. आणि त्या वेळच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर बाबा आमटे ह्यांचे आनंदवन वसू लागले. त्यामागील महारोगी सेवा समिती ही संस्था १९४९ सालची. तिन्ही ठिकाणी समोर उभा असलेला मनुष्य एकच होता. त्याचा रोग आटोक्यात आलेला, बोटे आखडलेली, तळपायास व्रण, घर सुटलेले आणि उदरनिर्वाहाचे साधन बहुधा भिक्षा. परंतु त्याचे जीवन सुधारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ह्याची तिन्ही ठिकाणची उत्तरे परस्परांहून पुष्कळच भिन्न होती. प्रस्तुत लेखात ह्या तीन उत्तरांची तुलना करण्याचा विचार आहे.

हा विषय वैद्यकाचा किंवा समाजकार्याचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न कोणी केल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. माझे उत्तर एवढेच की, ह्या तुलनेतील पहिली अडचण शब्दाची आहे. 'पुनर्वसन' हा आपला शब्द 'रिहॅबिलिटेशन' ह्या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून आपण सर्रास योजतो. पण दोहोंच्या पोटातील कल्पना एक नाहीत. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन 'हॅबिलिस' ह्या विशेषणापासून आला त्याचा अर्थ हाताळण्यास सुलभ, कामास योग्य, समर्थ असा आहे. तेव्हा 'रिहॅबिलिटेशन' म्हणजे पुन्हा समर्थ करणे. 'पुनर्वसन' म्हणजे पुन्हा वसविणे. पहिल्यात दृष्टी मनुष्याच्या शरीरावर आणि कौशल्यावर आहे. दुसऱ्यात ती त्याच्या ठिकाणावर, त्याच्या भोवतालच्या माणसांवर आहे. वेलूरने हा शब्द लॅटिन अर्थाने घेतला, वरोऱ्याने मराठी अर्थाने घेतला, आणि वर्ध्याचा प्रयत्न कोणी उठूच नये, म्हणजे पुन्हा वसविण्याची वेळच येऊ नये, असा होता, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ह्या विधानास पुढे काही मुरडी घालाव्या लागतील. तूर्त ते वाटाड्या म्हणून पुरे आहे.

दुसरा शब्द 'बरा'. तोही आपण विचार न करता वापरतो. काही वर्षांपूर्वी बोलीचे नमुने गोळा करीत वर्धा जिल्ह्यात हिंडत असता एका वृद्ध गृहस्थांशी बोलण्याचा योग आला. कुष्ठावरील त्यांचे औषध संपून पंचवीस वर्षे लोटली होती. रोगाचा अंशही उरलेला नव्हता. मात्र बोटांची टोके झिजून गुळगुळीत झाली होती आणि त्यामुळे रास्त भावाच्या दुकानातील यंत्र त्यांच्या अंगठ्याची ओळख पटवून घेईना. तक्रारीचा सूर न लावता ते म्हणाले, "बरा तं झालो जी, पन बरं काही झालं नायी." मी हे वाक्य त्या वेळी केवळ बोलीचा नमुना म्हणून टिपून घेतले, हे कबूल केले पाहिजे. त्यातील दोन 'बरे' दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत हे वहीतील टिपणे पुन्हा वाचताना ध्यानात आले. पहिला 'बरा' रोग्याचे विशेषण आहे, दुसरे 'बरे' आयुष्याचे. 'ताप बरा झाला' आणि 'त्याचे बरे चालले आहे' ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. आधुनिक आरोग्यशास्त्र ज्यास जीवनाचा दर्जा म्हणते आणि जो मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार करते, तो ह्या दुसऱ्या 'बरे'च्याच प्रांतातला आहे.

ह्या तीन उपक्रमांपूर्वीचा काळ थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुष्ठरुग्णांसंबंधी उपाय म्हणजे आश्रयस्थान, असे समीकरण रूढ झाले होते. वेल्स्ली बेली ह्यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या 'मिशन टु लेपर्स' ह्या संस्थेने भारतात ठिकठिकाणी अशी आश्रयस्थाने चालविली. मुंबईत १८९० साली माटुंग्यास निराश्रित कुष्ठरुग्णांसाठी जे आश्रयस्थान निघाले त्यामागे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अॅक्वर्थ ह्यांचा पुढाकार होता, आणि आजही वडाळ्याचे रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मराठीच्या विद्यार्थ्यास हे नाव अगदी वेगळ्या कारणाने परिचित असते. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे ते हेच अॅक्वर्थ. शाहिरांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेण्याची व्यवस्था करणारा आणि रस्त्यावरील कुष्ठरुग्णांस गावाबाहेर एकत्र ठेवण्याची व्यवस्था करणारा अधिकारी एकच असावा, ह्यात मला विसंगती वाटत नाही. दोन्ही कामे त्या काळच्या प्रशासनाच्या जमविण्याच्या आणि नोंदविण्याच्या वृत्तीस धरूनच होती. पोवाडे जमविताना मात्र शाहिराचे शब्द जपले गेले. आश्रयस्थानातील माणसांचे शब्द तसे जपले गेले नाहीत.

१८९८ साली लेपर्स अॅक्ट झाला. त्याचा रोख मुख्यतः उघड्यावर भिक्षा मागणाऱ्या निर्धन रुग्णांवर होता. त्यांस पकडून आश्रयस्थानात ठेवता येई. ह्याशिवाय सरकारने अधिसूचना काढल्यास रुग्णास खाद्यपेये विकणे, सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, भाड्याच्या वाहनातून जाणे ह्यांस बंदी करता येत असे. मूळ अधिनियमातील व्याख्या भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्याच्या अंगी व्रण पडू लागले आहेत तो कुष्ठी, अशी ती होती; १९२० च्या दुरुस्तीने व्रणाची अट गाळली गेली. म्हणजे प्रारंभी कायद्यास रोग दिसत नव्हता, जखम दिसत होती. वस्तुतः १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेन ह्यांनी ह्या रोगाचा जंतू शोधून काढला होता, आणि १८९०-९१ साली भारतात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने संसर्गाची भीती पुष्कळच अतिरंजित असल्याचे मत दिले होते. तरीही रुग्णास दूर ठेवण्याचा कायदा झाला, कारण भीती जंतूची नसून दर्शनाची होती.

आपल्या भाषेतही हेच दर्शन साठलेले आहे. संस्कृत 'कुष्ठ' शब्दाचे प्राकृतातून आलेले 'कोड' हे रूप मराठीत पांढऱ्या डागांपुरते संकुचित झाले, तर हिंदीत 'कोढ' मूळ रोगाचाच वाचक राहिला. हातापायांचा नाश करणाऱ्या रोगास मराठीत 'रक्तपिती' व 'महारोग' हे शब्द रूढ झाले. आणि ह्या रोगासंबंधी सर्वांत जास्त ऐकू येणारे क्रियापद म्हणजे 'झडणे'. पाने झडतात, केस झडतात, तशी महारोग्याची बोटे झडतात, असे आपण म्हणतो. हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात कर्ता कोणी नाही, कारण कोणतेही नाही, ऋतू आला की गोष्ट आपोआप घडते. वेलूरच्या कामाचे महत्त्व कळण्यास ह्या क्रियापदाकडे पाहणे फार उपयोगी पडते.

डॉ. ब्रँड १९४६ साली वेलूरला आले. पुढील वर्षी चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन ह्यांच्या देखरेखीखालील रुग्ण त्यांनी पाहिले, आणि अस्थिरोगाच्या शस्त्रवैद्यांनी ह्या हातांकडे कधी लक्षच दिलेले नाही हे त्यांस दिसून आले. कॉक्रेन तेव्हा सल्फोन वर्गातील नव्या औषधाचा उपयोग करीत होते. अमेरिकेत कारव्हिल येथे १९४१ पासून प्रोमिन हे औषध टोचून गुण येत असल्याचे दिसले होते. त्याच वर्गातील डॅप्सोन स्वस्त होते आणि लवकरच गोळीच्या रूपाने पोटात देता येऊ लागले. तोपर्यंत चौलमुग्रा तेलाच्या वेदनादायक टोचण्यांखेरीज हाती फारसे काही नव्हते. आता जंतू मरू लागले. पण मेलेला मज्जातंतू त्यामुळे जिवंत होत नव्हता, आणि आखडलेले बोट सरळ होत नव्हते. अशा रीतीने रोगमुक्त परंतु अपंग अशा माणसांचा एक नवा वर्ग इतिहासात प्रथमच मोठ्या संख्येने निर्माण झाला. तिन्ही उपक्रमांचा उगम ह्या औषधाच्या यशात, किंवा त्या यशाच्या मर्यादेत आहे.

वेलूरच्या निरीक्षणांतून जे सिद्ध झाले ते थोडक्यात असे. कुष्ठरुग्णाचे मांस सडके नसते; त्याची जखम इतरांच्या जखमेप्रमाणेच भरून येते. बोटे आपोआप गळून पडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे रुग्णास वेदना होत नाही, आणि वेदना होत नाही म्हणून तो तापलेले भांडे सोडत नाही, खिळा टोचला तरी पाय उचलत नाही, कुलूप उघडताना किल्ली हाडापर्यंत रुतली तरी जोर कमी करीत नाही. काही बोटे रात्रीतून नाहीशी होत, तेव्हा पाळत ठेवता उंदीर ती कुरतडतात असे आढळले. मग रुग्णांस मांजरे पाळण्यास देण्यात आली. अशा प्रत्येक बोटाच्या नाशास एक कर्ता होता. तो शोधून काढता येत होता आणि टाळता येत होता. 'झडणे' ह्या अकर्मक क्रियापदाच्या जागी वेलूरने भाजणे, टोचणे, कापणे, कुरतडणे अशी सकर्मक क्रियापदे आणली, असे मी म्हणेन. रोज रात्री हातपाय डोळ्यांनी तपासणे, तव्यास लाकडी मूठ बसविणे, सच्छिद्र मऊ रबराचे तळवे असलेली पायताणे वापरणे, हे सर्व उपाय त्या एका शोधातून निघाले. शस्त्रक्रियेची कीर्ती जास्त झाली. पण अधिक माणसांचे अधिक भले ह्या साध्या उपायांनी झाले असावे, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियाही अर्थात विलक्षण होती. हा रोग कोपराच्या मागून जाणाऱ्या मज्जातंतूवर विशेषेकरून आघात करतो. तेथे तो कातडीच्या निकट व थंड असतो. त्यामुळे तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे पंजासारखी आखडतात. मनगट उचलणारे स्नायू बहुधा शाबूत राहतात. त्यांपैकी एकाची कंडरा सोडवून, पोटरीतील एका निरुपयोगी कंडरेच्या तुकड्याने लांबवून, ती चार बोटांस जोडावयाची, अशी ब्रँड ह्यांची एक पद्धती होती. १९४८ च्या सुमारास ह्या कामास प्रारंभ झाला. त्यानंतर मेंदूस नवा पाठ द्यावा लागे, कारण मनगट उचलण्याची इच्छा करणारा रुग्ण आता बोटे हलवीत असे. डॉ. मार्गारेट ब्रँड ह्यांनी डोळ्यांचे काम हाती घेतले. पापणी मिटत नसल्याने डोळा सुकून दृष्टी जाते. म्हणून कानशिलाजवळील चर्वणाचा स्नायू पापणीस जोडण्यात येई, आणि रुग्णास पापणी मिटण्यासाठी दात आवळावे लागत.

येथे एका शस्त्रक्रियेचा मुद्दाम उल्लेख करावयाचा आहे. रोगाने भुवया जात. भुवयांवाचून कोणतेही काम अडत नाही. वैद्यकीयदृष्ट्या ही हानी क्षुल्लक आहे. परंतु भुवया नसलेला चेहरा गावात, मोटारीत, कामाच्या ठिकाणी चटकन ओळखला जाई. म्हणून टाळूवरील केसांसह कातडीची पट्टी आणून भुवया बसविण्यात येऊ लागल्या. त्यांचे केस डोक्याच्या केसांप्रमाणेच वाढत राहत आणि वरचेवर कातरावे लागत. बैठ्या नाकाच्या शस्त्रक्रियेचेही तसेच. म्हणजे जे शस्त्रगृह हातास समर्थ करावयास निघाले होते त्यास लोकांच्या डोळ्यांची चिकित्सा करता येत नाही म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याची करावी लागली. लॅटिन अर्थाचा शब्द येथे अपुरा पडू लागला होता.

तो पूर्ण अपुरा पडला तो एका अनुभवाने, जो ब्रँड ह्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितला आहे. हात सुधारून गेलेले काही तरुण हताश होऊन परत आले. सरळ बोटांच्या हातावर आता कोणी भिक्षा घालीत नव्हते, आणि रोगाच्या इतर खुणा अंगावर असल्यामुळे काम किंवा राहावयास खोलीही कोणी देत नव्हते. पूर्वीचा वाकडा हात निदान पोट भरत होता. 'नवजीव निलयम' ह्या वस्तीचा जन्म ह्या अनुभवातून झाला. तेथे सुतारकाम, लाकडी खेळणी करणे असे उद्योग शिकविण्यात येत. बधिर हातास इजा होणार नाही अशी हत्यारे बनविण्यात येत. आणि मग त्या हत्यारांनिशी मनुष्यास गावी पाठविण्यात येई. वेलूरची अंतिम कल्पना परत पाठविण्याचीच राहिली. ज्यांची प्रकृती, हाताचे सांधे व उमेद शस्त्रक्रियेस योग्य होती असे निवडक लोकच तिचा लाभ घेऊ शकले, आणि पुढे गावाने त्यांचे काय केले हे गावावर अवलंबून राहिले.

वर्ध्याचा विचार थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यातील मुख्य मुद्दा एकच आहे आणि तो निःसंशय बरोबर होता. ह्या परिसरास कुष्ठसेवेची परंपरा होती. मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली दत्तपूर येथे काम आरंभिले होते. कुष्ठाने जर्जर झालेले संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री १९३९ साली सेवाग्राम आश्रमात आले असता त्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली होती. आणि गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेस स्थान होते. ह्या परंपरेतून निघालेली नवी संस्था आणखी एक आश्रम काढील अशी अपेक्षा स्वाभाविक होती. डॉ. र. वि. वारदेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली फाउंडेशनने ते टाळले. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच औषधोपचार अशी त्रिसूत्री त्यांनी स्वीकारली. रुग्णास लवकर हुडकून डॅप्सोनची गोळी त्याच्या घरीच पोचविली तर हात वाकडा होण्याची वेळच येणार नाही, आणि मनुष्य घरातून उठणार नाही. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाची दिशाही पुढे हीच राहिली. भावी रुग्णांच्या दृष्टीने ह्याहून मोठा उपकार नाही. मात्र ज्या प्रौढाचा हात १९५१ सालीच आखडलेला होता, त्यास ह्या त्रिसूत्रीत स्वतःचे असे स्थान सापडत नव्हते. गोळी त्याचे जंतू मारीत होती. त्याचा भूतकाळ तिला बदलता येत नव्हता.

वरोऱ्यास आला तो नेमका हा मनुष्य. बाबा आमटे ह्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठचिकित्सेचे शिक्षण घेतले होते. तेव्हा औषधाचे महत्त्व त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु आनंदवनाची उभारणी चिकित्सालय म्हणून झाली नाही. विहीर खणणे, दगड फोडणे, जमीन लागवडीखाली आणणे, घरे बांधणे, ही कामे रुग्णांनी स्वतः केली. बधिर हातांनी कुदळ चालविणे वेलूरच्या शास्त्राप्रमाणे धोक्याचे होते, आणि ह्या कामात हातांस इजा झाल्याच नसतील असे मानण्याचे धाडस मी करणार नाही. पण बाबांचा विचार हाताच्या सुरक्षिततेपासून सुरू होत नव्हता. दानाने मनुष्य खचतो आणि श्रमाने उभा राहतो, हे त्यांचे सूत्र होते. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांचे तपोवनही ह्याच सुमारास उद्योगावर भर देत होते. विदर्भातील ह्या दोन संस्थांची तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आनंदवनाच्या इतिहासात दोन प्रसंग मला निर्णायक वाटतात. प्रारंभी वरोऱ्याच्या बाजारात तेथील भाजी कोणी घेईना. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ह्या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे बांधकामास आले. ते रुग्णांबरोबर राहतात, तेथलेच अन्न खातात, हे गावाने पाहिले, आणि हळूहळू भाजी खपू लागली, असे सांगितले जाते. दुसरा प्रसंग १९६४ सालचा. त्या वर्षी आनंदनिकेतन महाविद्यालय निघाले. परिसरातील निरोगी घरांतील मुले कुष्ठमुक्तांनी उभारलेल्या संस्थेच्या महाविद्यालयात शिकावयास येऊ लागली. पुनर्वसनाच्या सर्व कल्पना मनुष्यास समाजाकडे परत कसे न्यावे ह्याभोवती फिरत असता येथे समाजच मनुष्याकडे, आणि तोही काही मागण्यास, आला. वेलूरच्या सुतारास गावाने काम द्यावे लागत होते. आनंदवनाचा रहिवासी गावास काही देण्याच्या स्थितीत आला. जीवनाच्या दर्जाचा विचार करताना देणारा आणि घेणारा ह्यांतील हे अंतर फार महत्त्वाचे आहे, आणि कोणत्याही प्रश्नावलीत ते पकडणे कठीण आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आनंदवनाने मनुष्यास वसविले ते दुसऱ्या ठिकाणी. ज्या गावाने त्यास उठविले होते त्या गावाचे काहीच बदलले नाही. तेथील घर, शेत, भावकी त्यास परत मिळाली नाही. अलग ठेवण्याची जुनी पद्धत आणि हे स्वेच्छेचे वेगळेपण ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे हे मान्य करूनही, नकाशावर दोन्ही गावाबाहेरच आहेत, ही गोष्ट नाकारता येत नाही. वर्ध्याच्या विचाराची बाजू घेणाऱ्याने हा आक्षेप घेतला तर त्यास उत्तर देणे सोपे नाही. फार तर एवढे म्हणता येईल की, १९५१ साली त्या माणसापुढे आनंदवन किंवा स्वतःचे गाव असा पर्याय नव्हता. आनंदवन किंवा देवळाची पायरी, असाच होता.

आता तुलना. शास्त्रीय अर्थाने ह्या तीन प्रयत्नांची तुलना होऊ शकत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तिघांकडे आलेली माणसे वेगळी होती. वेलूरने निवडून घेतली, वर्ध्याने घरातून शोधली, वरोऱ्यास इतरांनी टाकलेली आली. शिवाय प्रत्येकाची फूटपट्टी त्याच्या कामातूनच तयार झाली होती. शस्त्रवैद्याने बोटांचे कोन मोजले आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे घेतली. सर्वेक्षकाने दर हजारी रुग्ण मोजले. आश्रमाने पिकलेली जमीन आणि विकलेला माल मोजला. प्रत्येक जण आपापल्या पट्टीवर यशस्वी ठरतो. ह्यांपैकी कोणते कार्य श्रेष्ठ, असा प्रश्न विद्यार्थी परीक्षेच्या सवयीने विचारतात; तो मला निष्फळ वाटतो. अधिक फलदायी प्रश्न असा की, प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्यांस आपली पट्टी अपुरी असल्याचे केव्हा व कशाने कळले. वेलूरला ते भिक्षा न मिळणाऱ्या सरळ हाताने कळले, आणि त्यांनी वस्ती काढली. त्यांच्या नोंदींतील सर्वांत मोलाची नोंद, माझ्या मते, हीच आहे.

राष्ट्रीय पातळीवर मात्र पट्टी वर्ध्याचीच राहिली, आणि पुढे तीही अरुंद झाली. १९६४ साली मलायात डॅप्सोनला दाद न देणारे जंतू सिद्ध झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमाइन व डॅप्सोन ह्यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली, आणि १९८३ पासून भारतातील कार्यक्रमाचे नाव नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे झाले. उपचाराची मुदत कालांतराने सहा किंवा बारा महिन्यांवर आली. मुदत संपली की नाव पटावरून कमी होते. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर साध्य झाल्याचे घोषित झाले. हे यश खरे आहे. त्यास कमी लेखण्याचा हेतू नाही. पण हा आकडा उपचाराखालील रुग्णांचा आहे, हातांचा नाही. माझ्या वर्धा जिल्ह्यातील वृद्ध परिचितांचे नाव त्यात कोणत्याच बाजूस नव्हते. त्यानंतर विकृती टाळण्याचा व शस्त्रक्रियेचा विभाग कार्यक्रमात अधिक ठळक झाला, रबरी पायताणे वाटली जाऊ लागली, म्हणजे वेलूरची पट्टी काही अंशी परत आली.

कायद्याची गती ह्याहून मंद होती. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमाने 'कुष्ठातून बरी झालेली व्यक्ती' असा वर्ग प्रथम मान्य केला, आणि त्याची व्याख्या करताना दृश्य विकृती असूनही सामान्य आर्थिक व्यवहार करण्याइतकी हातापायांची हालचाल उरली आहे काय, ह्यावर भर दिला. लॅटिन 'हॅबिलिस' येथे पुन्हा भेटतो. २०१६ च्या अधिनियमातही हा वर्ग कायम आहे. मराठीत 'कुष्ठमुक्त' हा शब्द आपण 'ऋणमुक्त', 'बंधमुक्त' ह्यांच्या धर्तीवर योजतो. पण २००८ साली ओरिसातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठाच्या कारणावरून नगरपालिकेच्या सदस्यास अपात्र ठरविणारी तरतूद वैध मानली, तेव्हा ही मुक्ती पुरती झाली नव्हती हे उघड आहे. १८९८ चा मूळ कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ साली वगळले गेले. 'लेपर' हा शब्द टाकून द्यावा अशी शिफारस हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ सालीच केली होती. आपल्या विधिग्रंथातील तो कायदा त्यानंतर अडुसष्ट वर्षे जिवंत राहिला. अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द आपण एकामागून एक बदलले. नाव बदलल्याने लाभ होत नाही असे मी म्हणत नाही, परंतु यंत्राने अंगठा ओळखावा ह्यासाठी त्याचा उपयोग झालेला नाही.

शेवटी आपल्या विभागाशी संबंध असलेली एक सूचना. ह्या तिन्ही उपक्रमांची कागदपत्रे डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी आणि देणगीदारांसाठी अहवाल लिहिणाऱ्यांनी तयार केली आहेत. ज्यांच्या जीवनाचा दर्जा मोजला गेला त्यांचे शब्द त्यांत क्वचितच सापडतात, आणि सापडतात तेथे ते दुसऱ्याच्या भाषेत उतरलेले असतात. चंद्रपूरच्या सीमेवर मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी ह्यांचा संगम असल्यामुळे आनंदवनासारख्या वस्तीत पहिल्या पिढीने परस्परांशी कोणत्या भाषेत व्यवहार केला, कोणती बोली घडविली, रोगासाठी आणि स्वतःसाठी कोणते शब्द योजले, हा भाषाशास्त्राचाही प्रश्न आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत तरुणपणी तेथे आलेली माणसे आता फार थोडी उरली असणार. एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन तेथे दोन महिने राहावे. तेथील वडीलधाऱ्यांनी संमती दिली, तर त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. 'बरा झालो' ह्यानंतर ते कोणते वाक्य उच्चारतात, ते विशेष लक्ष देऊन ऐकावे.